प्लॅटिनम कॉइल काउंटर इलेक्ट्रोड: दीड वर्ष वापरून लिहितेय, हायड्रोजनवर काम करणाऱ्यांनी घ्यायच्या आधी वाचा

हा रिव्ह्यू मुख्यतः इलेक्ट्रोकेमिस्ट्रीत एमएस्सीचं प्रोजेक्ट किंवा पीएचडी करणाऱ्यांसाठी आहे, कारण ही वस्तू घेताना मी मराठीत सोडा, इंग्रजीतसुद्धा कुठे नीट रिव्ह्यू शोधला नव्हता, सगळे घेतात म्हणून घेतली. लांबलचक होणार आहे, पण माझे आठ महिने यात गेलेत, कुणाचा एक महिना जरी वाचला तरी लिहिल्याचं सार्थक होईल.

आधी वस्तूबद्दल. काउंटर म्हणजे सेलमध्ये करंटचं वर्तुळ पूर्ण करणारा समोरचा इलेक्ट्रोड. अर्धा मिलिमीटर जाडीची प्लॅटिनमची तार, सरळ केली तर साधारण दहा सेंटिमीटर भरेल, ती स्प्रिंगसारखी गुंडाळलेली, वर टेफ्लॉनची टोपी आणि क्लिप लावायला पितळेची पिन. शुद्धता ९९.९९ टक्के असं सर्टिफिकेट सोबत येतं. मी साडेसहा हजार अधिक जीएसटीला घेतली, तीन कोटेशन मागवून, परचेस कमिटीच्या सह्या होऊन हातात यायला अडीच महिने. पॅकिंग चांगलं होतं, स्पंजमध्ये खाच करून बसवलेली. फिनिशिंगला नाव ठेवायला जागा नाही, टोपीतून अॅसिड वर चढत नाही, पिन अजून काळी पडलेली नाही, तार दोनदा चुकून वाकली पण हाताने परत नीट झाली. सप्लायरचं नाव मी लिहिणार नाही कारण प्रश्न त्या एका दुकानाचा नाहीच, बहुतेक कॅटलॉगमध्ये याच वस्तूखाली तेच वाक्य असतं, "पूर्णपणे अक्रिय, झिजत नाही, कुठल्याही इलेक्ट्रोलाइटमध्ये चालतो". माझं सगळं भांडण या वाक्याशी आहे.

तर तारेला पाचपैकी चार स्टार, आणि या वाक्याला एकही नाही.

हे वाक्य मला इतकं खरं का वाटलं तेही सांगते. माझ्या मामाचं कोल्हापूरला गुजरीत सोनाराचं छोटं दुकान आहे, लहानपणी सुट्टीत तिथेच बसून असायचे मी. मामा कसोटीच्या दगडावर दागिना घासून रेघ ओढायचा आणि वर नायट्रिकचा थेंब टाकायचा, पितळेची रेघ फसफसून जायची आणि सोन्याची तशीच राहायची. दहावीच्या पुस्तकात राजधातू हा शब्द आला तेव्हा मला तो दगडच आठवला होता. सोनं, प्लॅटिनम म्हणजे ज्यांना काही होत नाही ते. एमएस्सीपर्यंत हेच डोक्यात पक्कं, आणि खरं सांगायचं तर वर्गात कुणी ते मोडलंही नाही. अम्लराजात सोनं विरघळतं हे आम्ही पाठ करतो, तीन भाग हायड्रोक्लोरिक एक भाग नायट्रिक, पण का विरघळतं ते विचारलं की वर्ग गप्प.

आता माझं काम काय होतं. पाण्यापासून हायड्रोजन काढायला सगळ्यात चांगला कॅटॅलिस्ट, म्हणजे रिअॅक्शन सोपी करणारा पदार्थ, प्लॅटिनम, पण तो महाग म्हणून त्याच्या जागी स्वस्त काहीतरी शोधायचं, हे जगभर हजारो लोक करतात तसंच मी मॉलिब्डेनम सल्फाइडवर करत होते. तीन मिलिमीटर व्यासाच्या ग्लासी कार्बनवर माझी पावडर शाई करून लावायची, तो वर्किंग इलेक्ट्रोड, बाजूला व्होल्टेज मोजायच्या तुलनेसाठी रेफरन्स, आणि तिसरा काउंटर म्हणजे ही कॉइल, सगळं अर्धा मोलर सल्फ्युरिक अॅसिडमध्ये. पहिल्या दिवशी दर चौरस सेंटिमीटरला दहा मिलिअँपिअर करंट मिळवायला २४८ मिलिव्होल्टचं ओव्हरपोटेन्शिअल, म्हणजे जास्तीचं व्होल्टेज, लागलं, ते जितकं कमी तितका कॅटॅलिस्ट चांगला. या मटेरिअलला एवढं साधारण अपेक्षितच असतं, वाईट नाही आणि फार भारीही नाही. मग टिकाऊपणा बघायला सायक्लिंग लावलं, म्हणजे व्होल्टेज परत परत वरखाली करणं, शून्य ते उणे ०.३ व्होल्ट, सेकंदाला शंभर मिलिव्होल्टने, तीन हजार सायकल, म्हणजे पाच तास. जेवून आले आणि बघते तर १३० वर आलेलं! दुसऱ्या दिवशी आणखी तीन हजार, ६१.

त्या रात्री मी झोपले नाही. माणसाला चांगली बातमी मिळाली की तो कारणं शोधतो आणि मीही शोधली, सायक्लिंगमुळे थर सुटे होत असतील, कडा उघड्या पडत असतील, गंधकाच्या जागा रिकाम्या होत असतील. वाचायला गेलं की आधार देणारे पेपर मिळतातच, "सेल्फ अॅक्टिव्हेशन" असा सुंदर शब्दही मिळाला. तीन नवे बॅच केले, तिन्ही तसेच सुधारले. पेपरचा ड्राफ्ट झाला, मुख्य आकृती हीच होती, उतरत जाणारे वक्र.

माझ्या गाइड मॅडमनी ड्राफ्ट वाचला आणि फक्त टाफेल स्लोपच्या (करंट दहापट व्हायला किती मिलिव्होल्ट जास्त लागतात त्या आकड्याच्या) तक्त्यावर बोट ठेवलं. सुरुवातीला ९२, सहा हजार सायकलनंतर ३३. "अगं, तीस कुणाचा असतो?" म्हणाल्या. मी म्हटलं प्लॅटिनमचा. "मग तुझ्या सेलमध्ये प्लॅटिनम कुठे आहे?" मी कॉइलकडे बघितलं. म्हणाल्या, "पाठवायचं नाही अजून. आधी कोरा कार्बन लावून बघ."

ही टेस्ट इथे नीट लिहून ठेवते कारण तिला खर्च शून्य आहे आणि वेळ एक दिवस. ग्लासी कार्बन अल्युमिनाने चकाकेपर्यंत पॉलिश करायचा, त्यावर काही म्हणजे काहीच लावायचं नाही, आणि तोच सेल, तीच कॉइल, तेच सायक्लिंग. कार्बन हायड्रोजनला अगदी मठ्ठ, पहिला वक्र जमिनीला चिकटलेला सपाट. हजाराव्या सायकलला त्याचं टोक वाकायला लागलं होतं. पाच हजाराला कोरा कार्बन माझ्या "चांगल्या" कॅटॅलिस्टसारखाच वागत होता. मग मी त्याचा सीव्ही, म्हणजे व्होल्टेज वरखाली करत करंटचा आलेख, काढला, हायड्रोजन चिकटण्या-सुटण्याचे ते उंचवटे ०.०५ ते ०.३५ व्होल्टच्या पट्ट्यात स्पष्ट दिसत होते, जे एमएस्सीच्या प्रॅक्टिकलला आम्ही प्लॅटिनम ओळखायची खूण म्हणून शिकतो. ही सुधारणा माझ्या कॅटॅलिस्टच्या शाईची नव्हतीच मग, कॉइलच विरघळून समोर जाऊन बसत होती.

लॅबमध्ये मी एकटीच होते, संध्याकाळचे सात वाजले असतील. पोटेन्शिओस्टॅट (सेलचं व्होल्टेज सांभाळणारं यंत्र) बंद केला आणि मामाला फोन लावला, का ते माहीत नाही. त्याला म्हटलं मामा, प्लॅटिनम झिजतं का रे? तो म्हणाला, "झिजतंय की. घट कशाला नसती? सोन्याला बफ मारला तरी घट हाय, आटवलं तरी हाय. दिसत न्हाई एवढंच. म्हणून तर झारेकरी दुकानासमोरची मातीसुद्धा विकत घेऊन जातोय, पोटापुरतं सोनं काढतोय त्यातनं." मला एकदम लख्ख कळलं. माझा वर्किंग इलेक्ट्रोड सहा हजार वेळा अॅसिड गाळून त्यातलं प्लॅटिनम वेचत बसला होता, झारेकऱ्यासारखा, आणि मी त्याचं श्रेय माझ्या पावडरीला देत होते.

आता हे नेमकं कसं होतं ते सांगते, कारण कॅटलॉग वाचून कळणार नाही.

अॅसिडचा थेंब प्लॅटिनमचं काही करत नाही हे बरोबरच. पण सेलमध्ये अॅसिडशिवाय व्होल्टेजपण असतं, आणि वर्किंगवर हायड्रोजन निघत असताना काउंटरवर उलटी रिअॅक्शन चालू असते, तिथे ऑक्सिजन निघतो. म्हणजे कॉइल १.६ व्होल्टच्याही वर बसलेली असते. प्लॅटिनमचं विरघळण्याचं प्रमाण विभव (स्टँडर्ड पोटेन्शिअल) १.१८ व्होल्टच्या आसपास आहे, चांदीचं ०.८०, तांब्याचं ०.३४. राजधातू म्हणजे या शिडीवर वर बसलेला धातू, एवढाच त्याचा अर्थ, आणि आपण त्याला शिडीच्या त्या पायरीच्याही वर नेऊन टांगतो आणि म्हणतो झिजू नकोस. बेल्जियमच्या मार्सेल पूर्बे यांनी प्रत्येक धातूसाठी व्होल्टेज आणि पीएच यांचे नकाशे काढून ठेवलेत, कुठे धातू सुरक्षित, कुठे त्याच्यावर ऑक्साइडची खपली, कुठे तो विरघळणार, त्यात प्लॅटिनमच्या नकाशावरही आम्लाच्या बाजूला वर एक छोटा कोपरा विरघळण्याचा आहे. तो कोपरा शिकवताना आमच्या वेळी कुणी दाखवला नाही.

बरं, वर गेल्यावर ऑक्साइडची पातळ खपली तयार होते आणि ती तशीच राहिली तर झीज बरीच मंदावते. खरा घोळ वरखाली करण्यात आहे! साधारण १.१ व्होल्टच्या वर ऑक्सिजनचे अणू प्लॅटिनमच्या वरच्या थरात आत शिरतात आणि प्लॅटिनमचे अणू बाहेर ढकलले जातात, जागांची अदलाबदल. मग व्होल्टेज खाली आलं की ऑक्साइड मोडतो, ऑक्सिजन निघून जातो, आणि बाहेर ढकललेले जे अणू असतात त्यातले काही परत बसतात, काही एकटे पडून सरळ अॅसिडमध्ये निघून जातात. जर्मनीत ड्युसेलडॉर्फच्या माक्स प्लांक संस्थेत कार्ल मायरहोफर यांच्या गटाने इलेक्ट्रोडवरून वाहणारं अॅसिड थेट आयसीपी-एमएसमध्ये, म्हणजे धातूचा अगदी सूक्ष्म अंश मोजणाऱ्या यंत्रात, सोडून हे क्षणाक्षणाला मोजलं, २०१२ च्या आसपासचं काम आहे, आणि त्यात दिसलं की वर जाताना विरघळण्याची एक छोटी उसळी येते आणि खाली येताना त्याहून मोठी. दर सायकलला दर चौरस सेंटिमीटरला काही नॅनोग्रॅम, एवढीच घट. माझ्या सायक्लिंगमध्ये करंट शून्यावर आला की कॉइलपण खाली यायची, त्यात सेलमध्ये हायड्रोजन विरघळलेला असतोच तो तिला आणखी खाली ओढतो, आणि पुढच्या सायकलला परत वर. टिकाऊपणाची टेस्ट म्हणून मी जे करत होते ते खरं तर प्लॅटिनम विरघळवण्याची सगळ्यात चांगली पद्धत होती.

काही नॅनोग्रॅमने काय फरक पडतो असं वाटेल, मलाही वाटलं, म्हणून गणित केलं. तीन मिलिमीटरच्या इलेक्ट्रोडचं क्षेत्रफळ ०.०७ चौरस सेंटिमीटर. त्यावर प्लॅटिनमचा अणूंचा एकच थर पूर्ण पसरायला लागतात साधारण ३५ नॅनोग्रॅम. आणि कॉइलचं वजन ०.४२ ग्रॅम. म्हणजे कॉइलचा सव्वा कोटीतला एक भाग जरी पलीकडे गेला तरी कार्बनचा प्लॅटिनम होतो. मी आमच्या चार दशांशाच्या तराजूवर कॉइल आधी आणि नंतर तोलली होती, आकडा हलला नाही, हलणारही नव्हता. सोनाराचा काटासुद्धा इथे हरतो. एक वापरलेलं अॅसिड दुसऱ्या संस्थेत आयसीपी-एमएसला पाठवलं, दीड महिना रांग होती, रिपोर्टमध्ये प्लॅटिनम पीपीबीमध्ये, म्हणजे अब्जात काही भाग, पण होतं. कोऱ्या अॅसिडमध्ये मात्र मोजण्याइतकं काही सापडलं नाही.

अजून एक चूक मी करत होते ती वेगळी लिहायला हवी. रेफरन्स म्हणून सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइड लावला होता, सगळ्यात स्वस्त आणि सगळीकडे मिळणारा. त्याच्या टोकातून पोटॅशिअम क्लोराइड हळूहळू झिरपतं. क्लोराइड म्हणजे प्लॅटिनमला पळवून नेणारा, तो विरघळलेल्या आयनला चारही बाजूंनी धरून कॉम्प्लेक्स करतो, मग १.१८ ची पायरी ०.७५ च्या आसपास खाली येते. अम्लराजाचं गुपितही हेच, नायट्रिक ढकलतं आणि क्लोराइड धरून ठेवतं, दोघांपैकी कुणालाच एकट्याने जमत नाही. वर्गात गप्प बसलेल्या मला याचं उत्तर आठ महिने घालवून मिळालं. सल्फ्युरिक अॅसिडमध्ये काम असेल तर मर्क्युरी सल्फेटचा रेफरन्स घ्या, अल्कलीत असेल तर मर्क्युरी ऑक्साइडचा, हजार-दोन हजार जास्त जातील, जाऊ द्या.

तर ही कॉइल कुणी घ्यावी आणि कुणी नाही.

फेरोसीन, फेरीसायनाइड अशा संयुगांचे सीव्ही, सेन्सरचं काम, मायक्रोअँपिअरचा छोटा करंट, थोडेच सायकल, यासाठी बिनधास्त घ्या, वर्षानुवर्षं टिकेल आणि मी अजून त्यासाठी वापरते. ऑक्सिजन काढण्याच्या कॅटॅलिस्टवर काम करत असाल तर तुमच्याकडे काउंटर हाच ऋण बाजूला असतो, तिथे हायड्रोजन निघतो, त्यामुळे वरचा ऑक्साइडचा खेळ होत नाही, तिथे त्रास खूपच कमी. पण बिनप्लॅटिनमचा कॅटॅलिस्ट हायड्रोजनसाठी तपासत असाल, आणि त्यातही अॅसिडमध्ये, आणि त्यातही हजारो सायकल, तर कृपा करून घेऊ नका. सोन्याची तार घेऊ का असं एका ज्युनिअरने विचारलं, तीही नको, तीही विरघळते, क्लोराइड असेल तर जास्तच.

कॉइल आहेच तर फ्रिटच्या (तळाला सच्छिद्र काच असलेल्या) नळीत ठेवून चालेल का? मी करून बघितलं. चालत नाही, उशीर होतो एवढंच, फ्रिट लावल्यावर कोऱ्या कार्बनचा वक्र हजाराच्या जागी आठ हजार सायकलला वाकला. नाफिऑनचा पडदा लावलेला एच-सेल (दोन कप्प्यांचा सेल) असेल तर आणखी उशीर, पण नाफिऑन मुळात धन आयनांना पलीकडे जाऊ देणारा पडदा आहे, प्लॅटिनमचा आयन धन असेल तर त्याला वाट आहेच. क्लोराइडने धरलेला ऋण असेल तर अडतो. हे सगळं हिशोबात धरून बसण्यापेक्षा सेलमध्ये प्लॅटिनम नसणं सोपं.

मी काय घेतलं? ग्रॅफाइटची कांडी, सहा मिलिमीटर जाड, स्पेक्ट्रोस्कोपिक ग्रेड, तीन नग मिळून कॉइलच्या चौथाई किमतीत. तिच्याही तक्रारी आहेत, त्या लपवत नाही. कार्बन काही अमर नाही, कागदावर तर तो ०.२ व्होल्टच्या वरच जळायला मोकळा आहे, फक्त फार सावकाश जळतो. दोन-तीन तासांनी अॅसिडला हलका राखाडी रंग येतो, तळाशी बारीक काळे कण बसतात, क्लिपच्या दाबाने एक कांडी मोडली. म्हणून ती फ्रिटच्या नळीतच ठेवायची, रोज अॅसिड बदलायचं, वापरायच्या आधी अॅसिडमध्ये उकळून घ्यायची, आणि बुडालेला भाग वर्किंगच्या कितीतरी पट मोठा ठेवायचा. पण तिच्यातून जे निघतं ते कार्बन आहे, आणि कार्बन हायड्रोजनच्या बाबतीत मठ्ठ आहे, तो तुम्हाला खोटी शाबासकी देत नाही. ग्रॅफाइट लावून तेच तीन बॅच परत चालवले. पहिल्या सायकलला २५०, सहा हजारानंतर २६४. म्हणजे माझा कॅटॅलिस्ट सुधारत नव्हता, अगदी थोडा थकत होता. हा खरा आकडा.

एक नियम लक्षात ठेवा, प्लॅटिनम पावडर स्टँडर्ड म्हणून लावत असाल तेव्हासुद्धा काउंटर ग्रॅफाइटचाच ठेवा, म्हणजे दोन्ही मोजमापं एका पट्टीवर येतात, आणि तो सेल वेगळा ठेवा. स्टँडर्डवरून सुटलेलं प्लॅटिनमही काचेला धरून बसतं.

या बाबतीतला इशारा नवा नाही हे मला नंतर कळलं आणि जास्त लागलं. २०१७ च्या सुमारास अमेरिकन केमिकल सोसायटीच्या एका जर्नलमध्ये स्पष्ट शब्दांत छापून आलंय की हायड्रोजनसाठी स्वस्त कॅटॅलिस्ट तपासताना प्लॅटिनमचा काउंटर वापरू नका. आता कुठलाही बरा रिव्ह्यूअर पहिला प्रश्न हाच विचारतो. तरीही कॅटलॉगमध्ये वाक्य तेच आहे, आणि आमच्यासारख्या लॅबमध्ये जिथे सिनिअरकडून ज्युनिअरकडे सेटअप जसाच्या तसा जातो तिथे ही कॉइलही तशीच हातातून हातात जाते. माझ्या आधीच्या दोघांनी हीच वापरली, त्यांच्या आकड्यांचं काय म्हणायचं मला कळत नाही आणि मी काही बोलणारही नाही, त्यांनी मला खूप शिकवलंय.

सप्लायरला मी मेल लिहिली, नीट, चार मुद्दे मांडून, की "झिजत नाही" हे वाक्य काढा किंवा खाली एक ओळ टाका. उत्तर आलं, "मॅडम सगळे हेच घेतात, कुणाची कंप्लेंट नाही." परत लिहिलं, उत्तर नाही. एक स्टार कापलाय तो यासाठी. वस्तू बनवणाऱ्याने ती चांगली बनवलीय, पण विकणाऱ्याला ती कशासाठी नाही हे माहीत असायला पाहिजे, औषधाच्या दुकानात आपण एवढं तर धरूनच चालतो ना.

ज्यांचा लॅबशी संबंध नाही आणि तरी इथपर्यंत वाचलंय त्यांच्यासाठी थोडं. ही घट फक्त माझ्या बीकरमधली नाही. २०२२ साली नितीन गडकरी टोयोटा मिराई या हायड्रोजनच्या गाडीतून संसदेत गेले ते फोटो सगळ्यांनी पाहिले असतील, त्या गाडीच्या फ्युएल सेलमध्ये (हायड्रोजनपासून वीज बनवणाऱ्या भागात) प्लॅटिनमचे काही नॅनोमीटरचे कण कार्बनवर बसवलेले असतात. गाडी बंद-चालू करताना आतल्या कॅथोडचं व्होल्टेज क्षणभर नको तितकं वर जाऊ शकतं, तेव्हा नेमका हाच ऑक्साइड होण्या-मोडण्याचा खेळ चालतो, लहान कण विरघळतात आणि ते प्लॅटिनम मोठ्या कणांवर जाऊन बसतं किंवा पडद्यात शिरून तिथेच जमा होतं, पडद्याच्या आत त्याचा एक पट्टाच सापडतो. म्हणून त्या गाड्यांमध्ये व्होल्टेज सांभाळायला वेगळं कंट्रोल असतं, जसं आपण फ्रीजला स्टॅबिलायझर लावतो.

आणि पाणी फोडून हायड्रोजन काढणाऱ्या पीईएम (प्रोटॉन जाऊ देणारा पडदा असलेल्या) इलेक्ट्रोलायझरमध्ये ऑक्सिजनच्या बाजूला प्लॅटिनमही पुरत नाही, तिथे इरिडिअम लागतं. रुथेनिअमचा ऑक्साइड त्याच्याहून चपळ आहे आणि स्वस्तही, पण अॅसिडमध्ये त्या व्होल्टेजला तो फार भरभर विरघळतो, म्हणून नाइलाजाने इरिडिअम. आता इरिडिअम अख्ख्या जगात वर्षाला सात-आठ टन निघतं, म्हणजे एका ट्रकमध्ये मावेल एवढं. आपल्या सरकारने जानेवारी २०२३ मध्ये १९,७४४ कोटींचं ग्रीन हायड्रोजन मिशन मंजूर केलं, २०३० पर्यंत वर्षाला पन्नास लाख टन हायड्रोजन बनवायचं ठरलंय. त्यातलं बरंच काम इरिडिअम न लागणाऱ्या अल्कलाइन मशीनवर होईल, पण जिथे पीईएम लावतील तिथे प्रत्येक नॅनोग्रॅमची घट पैशात मोजावी लागेल. मला हा विषय आता कॅटॅलिस्ट शोधण्यापेक्षाही जास्त ओढतोय, कुठला धातू किती चपळ हे सगळे विचारतात, किती दिवस जागेवर राहील हे विचारणारे कमी आहेत. मॅडमना सांगितलं, त्या म्हणाल्या थीसिसमध्ये एक चॅप्टर याचाच कर. करतेय.

शेवटचं, सगळ्यात कामाचं. कॉइल काढून ग्रॅफाइट लावलं म्हणजे संपलं असं समजू नका. विरघळलेलं प्लॅटिनम काचेला, फ्रिटच्या भोकांत, टेफ्लॉनच्या टोपीत बसलेलं असतं आणि तिथून परत निघतं. मी ग्रॅफाइट लावून पहिल्यांदा चालवलं तर कोरा कार्बन तरीही थोडा सुधारला, मला रडायलाच आलं होतं. मग काचेचा सेल फ्युम हूडमध्ये ताज्या अम्लराजात रात्रभर ठेवला, हे एकट्याने करू नका, हातमोजे आणि फेसशील्ड घाला, बाटली झाकणबंद करू नका कारण आतून वायू निघत राहतो, आणि नंतर डीआय (आयन काढून टाकलेल्या) पाण्याने सहा-सात वेळा उकळून काढला म्हणजे क्लोराइडही उरू नये. फ्रिटची नळी मात्र टाकून दिली, नवी घेतली, त्या भोकांमधून ते निघत नाही. रेफरन्स बदलला. पॉलिशिंगचं कापड नवीन, अल्युमिनाची स्लरी नवीन. कॉइल डबीत घालून वर स्टिकर लावलं, "फक्त फेरोसीनसाठी, हायड्रोजनच्या सेलमध्ये घालू नये", आणि सेटअपच्या वहीत पहिल्याच पानावर कोऱ्या कार्बनची टेस्ट लिहून ठेवली, नव्या येणाऱ्या प्रत्येकाने नवा सेल लावला की आधी ती करायची.

या सोमवारी सगळं नवीन जोडून कोरा कार्बन लावला आणि दहा हजार सायकल सोडले. मंगळवारी सकाळी ज्युनिअरला घेऊन लॅब उघडली, पहिला वक्र आणि दहा हजारावा वक्र एकावर एक टाकले. एकच रेघ दिसत होती, सपाट, जमिनीला चिकटलेली. ती म्हणाली ताई यात तर काहीच नाही. मी म्हटलं हो, काहीच नाही, आणि प्रिंट काढून वहीत चिकटवली.